पद्धतशीर नवोन्मेष आणि मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय

मोतीबिंदू काढलेले माणूस एकेकाळी चष्म्यावरून ओळखू येत असे. बाटलीच्या बुडासारखी जाड, फुगीर भिंगे, त्यांमागे मोठे दिसणारे डोळे आणि निसटू नये म्हणून दोरीने बांधलेल्या काड्या. खेड्यापाड्यांतील ज्येष्ठांच्या तोंडावर असा चष्मा ज्यांनी पाहिला, ती पिढी अजून आपल्यात आहे. शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून टाकीत. त्या जागी मात्र काहीच बसवीत नसत. म्हणून त्या भिंगाचे काम बाहेरच्या जाड काचेला करावे लागे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा चाचपडू लागे. आज तो चष्मा जवळजवळ दिसेनासा झाला आहे. हा बदल भारतात इतक्या लवकर आणि समाजाच्या इतक्या खालच्या थरापर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे संस्था कशी चालवावी या विद्येत आहे. त्या विद्येचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील इनोव्हेशन या शब्दासाठी मराठीत नवोन्मेष, नवोपक्रम, नवप्रवर्तन, नाविन्यता असे अनेक पर्याय रूढ आहेत; येथे नवोन्मेष हा शब्द स्वीकारला आहे. शोध आणि नवोन्मेष यांत भेद आहे. अज्ञात गोष्ट ज्ञात झाली की शोध लागला असे आपण म्हणतो. ज्ञात गोष्टींची नवी जुळणी होऊन ती व्यवहारात उतरली आणि टिकली, की तो नवोन्मेष होय. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे पाच प्रकार सांगितले: नवी वस्तू, उत्पादनाची नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. या वर्गीकरणाला शंभर वर्षे उलटून गेली, तरी ते अजून उपयोगी पडते. शिवाय पाचांपैकी एकाही प्रकारासाठी प्रयोगशाळा अपरिहार्य नाही, ही गोष्ट विकसनशील देशांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

नवोन्मेषाला ‘पद्धतशीर’ हे विशेषण केव्हा लावता येते? एखाद्या कल्पक माणसाला एखादे दिवशी युक्ती सुचते, ती गरज भागवते आणि त्या माणसाबरोबरच ती संपते. त्याला पद्धत म्हणता येत नाही. आपल्याकडे जुगाड या शब्दाचे अलीकडे बरेच कौतुक झाले. मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी गाडी किंवा धुण्याच्या यंत्रात घुसळलेली लस्सी पाहून गंमत वाटते आणि कल्पकतेला दाद द्यावीशीही वाटते. पण जुगाडात वेळ मारून नेली जाते. त्याची मोजदाद होत नाही, त्यातील दोष कोणी लिहून ठेवीत नाही, आणि दुसऱ्या गावी तेच काम करायचे तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. थॉमस एडिसन यांनी १८७६ साली अमेरिकेतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली, तेव्हा कल्पना शोधणे हेच रोजचे, पगारी, नोंदवहीतले काम बनले. व्यवस्थापनशास्त्राचे भाष्यकार पीटर ड्रकर यांनी १९८५ साली याच विचाराला शास्त्राचे रूप दिले. नवोन्मेषाची संधी कोठे शोधावी याचे सात स्रोत त्यांनी मांडले. त्यांपैकी अनपेक्षित यश किंवा अपयश, विसंगती, प्रक्रियेतील अडचण आणि उद्योगाच्या रचनेतील बदल हे चार स्रोत उद्योगाच्या अंतर्भागातले आहेत. लोकसंख्येतील बदल, लोकांच्या दृष्टिकोनातील बदल आणि नवे ज्ञान हे तीन बाहेरचे. नवे ज्ञान त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते सर्वांत महाग, सर्वांत उशिरा फळणारे आणि सर्वांत बेभरवशाचे असते.

भारतातील जुनी उदाहरणे या कसोटीवर घासून पाहिली, की बहुतेक वेळा विसंगतीतून किंवा अडचणीतून वाट निघालेली दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. नांगर ही कल्पना नवी नव्हती. आपल्या जमिनीला, आपल्या बैलांना आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशाला तो साजेसा करणे नवे होते. आणंदच्या दूध संघात हरिचंद दलाया यांनी १९५० च्या दशकात म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. गाईच्या दुधावर वाढलेल्या युरोपीय दुग्धतंत्राला ते अशक्य वाटत होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न आपल्या मातीतला होता आणि उत्तर आयात करता येण्याजोगे नव्हते.

मदुराईचा प्रश्नही तसाच होता. मोतीबिंदूवरील इलाज ठाऊक होता, तो करणारे डॉक्टर देशात होते, इलाज एकदाच करावा लागत होता आणि त्याने दृष्टी परत येत होती. असे असूनही लक्षावधी लोक अंधत्वात आयुष्य काढीत होते. ड्रकर ज्याला विसंगती म्हणतात तिचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

ही विसंगती ज्यांना सहन झाली नाही ते डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. त्यांचा जन्म १९१८ साली तमिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. नात्यातील तरुण स्त्रिया बाळंतपणात दगावलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून प्रसूतितज्ज्ञ व्हावे असे त्यांच्या मनात होते. लष्करी वैद्यकीय सेवेनंतर, ऐन तिशीत, तीव्र आमवाताने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि हातांची बोटे कायमची वाकडी झाली. प्रसूतिशास्त्र सोडून ते नेत्रशास्त्राकडे वळले. त्या बोटांत सूक्ष्म शस्त्र धरण्याचा त्यांनी इतका सराव केला की पुढे स्वतःच्या हाताने एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असताना ते गावोगावी नेत्रशिबिरे घेत. सेवानिवृत्तीनंतर, १९७६ साली, त्यांनी गोवेल न्यासाची स्थापना केली आणि अकरा खाटांचे रुग्णालय उघडले. योगी अरविंदांवरील श्रद्धेपोटी त्याला त्यांचेच नाव दिले. भांडवलासाठी राहते घर गहाण पडले. बहीण डॉ. नाचियार, मेहुणे डॉ. नम्पेरुमालसामी आणि घरातील इतर माणसे या कामात उतरली. भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ सालचाच, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

अकरा खाटांच्या रुग्णालयापासून वर्षाला चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया व लेसर उपचार करणाऱ्या संस्थेपर्यंतचा प्रवास केवळ सेवाभावाने झाला असे मानणे त्या माणसांवर अन्याय करणारे ठरेल. सेवाभाव असलेल्या संस्था आपल्या देशात पुष्कळ आहेत. येथे सेवाभावाला एका काटेकोर प्रश्नाची जोड मिळाली: आपल्याजवळ सर्वांत दुर्मीळ काय आहे, आणि ते कोठे वाया जाते आहे?

उत्तर होते, शल्यचिकित्सकाचा वेळ. रूढ पद्धतीत डॉक्टर एक शस्त्रक्रिया संपवतो, रुग्णाला बाहेर नेले जाते, टेबल स्वच्छ होते, पुढचा रुग्ण येतो, त्याला भूल दिली जाते, डोळा स्वच्छ केला जातो, आणि एवढा वेळ देशातील सर्वांत दुर्मीळ हात रिकामे बसलेले असतात. अरविंदमध्ये एका डॉक्टरसाठी दोन टेबले शेजारी शेजारी मांडली गेली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण पूर्ण तयार असतो. पहिले काम संपताच सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर वळवला जातो आणि डॉक्टर त्या बाजूला वळतो. शस्त्रांचे अनेक संच फिरते ठेवलेले असतात. एक वापरात असताना दुसरा निर्जंतुक होत असतो. अशा रीतीने एक डॉक्टर तासाला सहा ते आठ शस्त्रक्रिया करू शकतो. देशातील इतर नेत्रशल्यचिकित्सकांची वार्षिक सरासरी चारशेच्या आसपास सांगितली जात असे, तेव्हा येथील डॉक्टर दोन हजारांचा पल्ला गाठीत होते. अमेरिकेत पाहिलेल्या मॅकडोनाल्डच्या खाद्यगृहांचा उल्लेख डॉ. वेंकटस्वामी नेहमी करीत. कोठेही जा, तोच पदार्थ, तीच चव, तोच वेग. ही एकसारखेपणाची विद्या दृष्टिदानासाठी का वापरू नये, असे ते विचारीत.

वेग वाढला की गुणवत्ता घसरते, ही शंका येथे साहजिकच येते. भारतातील काही शिबिरांत जंतुसंसर्ग होऊन रुग्णांची उरलीसुरली दृष्टीही गेल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून ती शंका अनाठायी म्हणता येत नाही. अरविंदने शस्त्रक्रियांसाठी शिबिराचा मंडप सोडून दिला. गावात फक्त तपासणी करायची, आणि ज्याला शस्त्रक्रिया हवी त्याला बसमध्ये घालून रुग्णालयात आणायचे, अशी विभागणी झाली. शिबिराची जागा, जाहिरात आणि व्यवस्था स्थानिक सेवासंस्था, बँका किंवा लायन्स क्लब यांनी पाहायची, वैद्यकीय चमू रुग्णालयाचा. वरकरणी किरकोळ वाटणारी ही फेररचना मला त्या दोन टेबलांहूनही महत्त्वाची वाटते, कारण जंतुविरहित शस्त्रक्रियागृह गावोगावी नेता येत नाही. माणूस मात्र बसने आणता येतो.

दुसरा दुर्मीळ घटक प्रशिक्षित मनुष्यबळ. येथेही प्रश्नाची फोड केली गेली. डोळ्यांच्या तपासणीतील कोणते काम डॉक्टरशिवाय होणारच नाही? निदान, निर्णय आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यातील दाब मोजणे, भिंगाच्या शक्तीचे मोजमाप घेणे, रुग्णाला समजावणे, शस्त्रक्रियेत मदत करणे ही कामे नीट शिकवलेली दुसरी व्यक्ती तितक्याच अचूकपणे करू शकते. रोज तेच केल्यामुळे कदाचित अधिकच अचूकपणे. त्यासाठी आसपासच्या खेड्यांतून बारावीपर्यंत शिकलेल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षांचे विद्यावेतनासह प्रशिक्षण देण्याची प्रथा पडली. या मध्यम श्रेणीच्या नेत्रसेविका संस्थेचा कणा आहेत. शुंपीटरच्या भाषेत ही उद्योगाची नवी रचना होय. कोरडवाहू भागातील शेतकऱ्याच्या मुलीला घराबाहेरचे पहिले मानाचे काम तिने दिले, हा तिचा आणखी एक लाभ.

अर्थकारणाची घडीही मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पैसे द्यायचे की नाही हे रुग्ण स्वतः ठरवतो. कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. पैसे देणाऱ्याला स्वतंत्र खोली, वातानुकूलन आणि भिंगांत अधिक पर्याय मिळतात. विनामूल्य विभागात चटई किंवा साधी खाट असते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र तेच, आळीपाळीने दोन्हीकडे काम करणारे. अर्ध्याहून अधिक शस्त्रक्रिया विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात होतात आणि तरीही संस्थेचा दैनंदिन खर्च तिच्याच उत्पन्नातून भागतो. हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेने १९९३ साली या संस्थेवर अभ्यासप्रकरण तयार केले आणि व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिची दखल घेतली, ती मुख्यतः या हिशोबामुळे. पैसे देणारा रुग्ण गरिबाचा खर्च उचलतो, हे स्पष्टीकरण बरोबर असले तरी पुरेसे नाही. गरीब रुग्णांच्या प्रचंड संख्येमुळे प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च उतरतो आणि डॉक्टरचा हात तयार होतो. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी आहे.

आता भिंगाकडे येऊ, कारण जाड चष्मा घालवला तो त्याने. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण रुतलेले पाहिले होते. काही डोळ्यांनी ते कण मुकाट्याने सहन केले होते. त्यावरून त्यांनी १९४९ साली त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे पहिले कृत्रिम भिंग मानवी डोळ्यात बसवले. कित्येक दशकांच्या सुधारणांनंतर, १९८० च्या दशकात, श्रीमंत देशांत हे भिंग सर्रास झाले. आयात केलेल्या एका भिंगाची किंमत मात्र शंभर डॉलरच्या आसपास होती. गरीब देशांतील सामूहिक शस्त्रक्रियांना ते परवडणार नाही आणि झेपणारही नाही, असे अनेक जाणकारांचे प्रामाणिक मत होते. अरविंदमध्ये काही वर्षे दोन वर्ग पडले: पैसे देणाऱ्याला भिंग आणि इतरांना जाड चष्मा.

हा भेद संस्थेच्या मूळ प्रतिज्ञेशी विसंगत होता. तो मिटवण्यासाठी १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब हा कारखाना उभा राहिला. त्यामागे अमेरिकेतील सेवा फाउंडेशनचे साहाय्य आणि सामाजिक उद्योजक डेव्हिड ग्रीन यांची खटपट होती; अमेरिकेतील एका उत्पादकाकडून तंत्रज्ञान घेतले गेले. येथेही कामगार मुख्यतः खेड्यांतून आलेल्या स्त्रिया. सुमारे दहा डॉलरला मिळू लागलेले भिंग पुढे दोन-तीन डॉलरपर्यंत खाली आले. भिंगांमागोमाग टाके घालण्याचे धागे, सूक्ष्म पाती आणि औषधेही तेथे बनू लागली, आणि आज हा माल शंभरावर देशांत जातो. किंमत शंभरावरून दहावर आली याचे कारण केवळ स्वस्त मजुरी नव्हे. शंभर डॉलरमध्ये प्लॅस्टिकच्या तुकड्याचा खर्च थोडा होता. विक्रीची साखळी, जाहिरात आणि नफा यांचा वाटा मोठा होता. ऑरोलॅबचे पहिले मोठे गिऱ्हाईक शेजारच्याच रुग्णालयात होते, त्यामुळे ती साखळी लागलीच नाही.

भिंग स्वस्त झाल्यावर शस्त्रक्रियेची रीतही त्याला जुळती हवी होती. अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग फोडून काढणारी फेको पद्धत उत्तम, पण यंत्र महाग आणि अतिशय पिकलेल्या मोतीबिंदूत ती अवघड. हाताने करायच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा कोरतात. आतील दाबामुळे तो आपोआप मिटतो आणि टाक्याची गरज उरत नाही. ही रीत अरविंदमध्ये जन्मली नाही; इस्रायल, नेपाळ आणि इतर ठिकाणच्या डॉक्टरांचा तिच्या घडणीत वाटा आहे. अरविंदने ती लाखोंच्या संख्येने वापरून, मोजून, शिकवण्याजोगी केली. दुसऱ्याकडची चांगली गोष्ट संकोच न करता घेणे आणि आपल्या कामाच्या मापाला ती बेतणे, हाही नवोन्मेषाचाच प्रकार आहे.

पद्धतशीरपणाचा गाभा मात्र नोंदींत आहे, आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेतून नेमका तोच निसटतो. दोन टेबले दिसतात, त्यांचे छायाचित्र घेता येते. नोंदवहीचे छायाचित्र कोणी घेत नाही. येथे प्रत्येक शस्त्रक्रियेतील गुंतागुंत डॉक्टरनिहाय संगणकात नोंदली जाते. कोणाच्या हातून काय बिघडले याची चर्चा दोषारोपासाठी नव्हे तर प्रशिक्षणासाठी होते. नोंदींची ही शिस्त काय देऊ शकते, याचा एक पुरावा तपशिलाने सांगण्याजोगा आहे. शस्त्रक्रियेनंतर नेत्रगोलाच्या आत होणारा जंतुसंसर्ग ही फार क्वचित घडणारी, पण दृष्टी हिरावणारी गोष्ट. ती इतकी विरळा असते की वर्षाला काहीशे शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला कोणत्या उपायाने ती कमी झाली हे कळूच शकत नाही. अरविंदमध्ये शस्त्रक्रियेच्या अखेरीस मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक थेट डोळ्याच्या आत सोडण्याची पद्धत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, औषध ऑरोलॅबचेच. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींचे विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. औषधाविना दहा हजारांत सुमारे सात असलेले संसर्गाचे प्रमाण औषधामुळे दोनवर आल्याचे त्यात दिसले. या निष्कर्षाचा उपयोग जगभरच्या शल्यचिकित्सकांना झाला. गरिबांची गर्दी ही आपल्या रुग्णालयांची अडचण समजली जाते. येथे तीच गर्दी ज्ञानाचे साधन बनली.

याच नोंदींमुळे एक अनपेक्षित गोष्टही पुढे आली. अरविंदमध्ये एकदाच वापरून फेकण्याच्या वस्तू कमी आणि सुरक्षितपणे पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तू जास्त असतात. तेथील एका फेको शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेमागे सुमारे १३० किलो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. काटकसर पैशांसाठी सुरू झाली होती. तिचा दुसरा हिशोब चाळीस वर्षांनी मांडला गेला. मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार छायाचित्रावरून ओळखणारी संगणकीय पद्धत गुगलच्या संशोधकांनी २०१६ साली मांडली, तिच्या घडणीतही अरविंदसह तीन भारतीय नेत्ररुग्णालयांतील प्रतिमांचा उपयोग झाला होता.

साचलेले ज्ञान संस्थेबाहेर नेण्यासाठी १९९२ साली लायन्स अरविंद सामुदायिक नेत्रशास्त्र संस्था स्थापन झाली. तीनशेहून अधिक नेत्ररुग्णालयांना तिने आपली पद्धत शिकवली, त्यांत आफ्रिका व आशियातील अनेक देशांची रुग्णालये आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व निवारण प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यांपैकी एक होता. सरकारी शस्त्रक्रियांत कृत्रिम भिंग बसवणे हा नियम त्या काळात रूढ झाला, आणि त्यासाठी डॉक्टरांना शिकवणाऱ्या संस्थांत अरविंद होती. आपल्या जिल्हा रुग्णालयातून जाड चष्म्याऐवजी डोळ्यात भिंग घेऊन परतलेल्या आजी-आजोबांचा मदुराईशी असा दूरचा पण खरा संबंध आहे.

प्रयोगासाठी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला पडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात संचालक होते. हजारात एखादीच यशाची शक्यता असलेल्या कल्पनेलाही आधार मिळावा म्हणून त्यांनी एक छोटा निधी वेगळा काढला आणि त्याला पतंग उडवण्याचा निधी असे नाव दिले. पतंग कटला तरी हिशोब मागायचा नाही, हा त्यामागचा भाव. रुग्णालयाला असे करता येत नाही. तेथे कटलेला पतंग म्हणजे कोणाचा तरी डोळा. म्हणून अरविंदमध्ये बदल एका विभागात, थोड्या रुग्णांवर, मोजमाप ठेवून होतो आणि मग दुसऱ्या शहरात जातो. मदुराईत पक्क्या झालेल्या रीती तेनी (१९८५), तिरुनेलवेली (१९८८), कोईमतूर (१९९७) आणि पुदुच्चेरी (२००३) येथील रुग्णालयांत अशाच उतरल्या. संस्थेच्या स्वभावानुसार पद्धतीचा वेग बदलतो, हे दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली की कळते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मोतीबिंदू हा एकसारखा, एका शस्त्रक्रियेत बरा होणारा विकार आहे, म्हणून त्याला कारखान्याची शिस्त मानवली. काचबिंदू किंवा मधुमेही नेत्रविकार जन्मभर सांभाळावे लागतात. तेथे वेगाचा उपयोग थोडा आणि पाठपुराव्याचा अधिक. एका कुटुंबाची निष्ठा हे या संस्थेचे बळ आहे, आणि ती निष्ठा प्रशिक्षणवर्गात शिकवता येत नाही. सर्वांत टोचणारी मर्यादा मात्र संस्थेने स्वतःच शोधून काढली. शिबिरे तुडुंब भरत होती, म्हणजे काम पोहोचते आहे असा समज होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परदेशी संशोधकांबरोबर घरोघरी जाऊन विचारले, तेव्हा डोळ्यांची तक्रार असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिराला आल्याचे दिसले. उरलेल्यांची कारणे साधी होती: बरोबर यायला कोणी नाही, भीती वाटते, मजुरी बुडते, म्हातारपणी असेच दिसायचे.

त्या आकड्यातून दृष्टिकेंद्रे जन्माला आली. शिबिर वर्षातून एकदा येते आणि जाते. केंद्र कायम उघडे असते. २००४ च्या सुमारास तेनी परिसरात सुरुवात झाली, तेव्हा तेथे इंटरनेट पोहोचले नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञांनी साध्या वायफायचा पल्ला कित्येक किलोमीटरपर्यंत वाढवून पहिली केंद्रे रुग्णालयाशी जोडून दिली. आज अशी शंभरावर केंद्रे आहेत. बाजाराच्या गावातील दोन खोल्या, एक नेत्रसेविका, डोळा तपासण्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र, त्याला जोडलेला कॅमेरा आणि संगणक, एवढाच संसार. सेविका तपासणी करते, नोंद लिहिते, आणि शहरातील डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलून निर्णय देतो. ज्याला शस्त्रक्रिया हवी त्याला तेथेच तारीख मिळते. बहुतेकांना तिची गरज नसते. त्यांचा नंबर काढून चष्म्याची मागणी वहीत लिहिली जाते, आणि आठवडी बाजार आटोपून ते आपल्या गावच्या बसला जाऊन बसतात.